काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधला सूर

घरात पेटी असेल तर एक प्रयोग करून बघा. पांढरी एकला षड्ज माना. कोमल गंधार काळी दोनवर येईल, शुद्ध गंधार पांढरी तीनवर. दोन्ही सूर दोनचार वेळा वाजवा, नीट कानात भरू द्या. मग पेटी मिटा आणि त्या दोघांच्या बरोबर मधला सूर गळ्याने लावायचा प्रयत्न करा. सुरुवातीला गळा ऐकत नाही. कोमल गंधार खाली ओढतो, शुद्ध गंधार वर ओढतो. बऱ्याच प्रयत्नांनी कधीतरी आवाज मध्येच ठरतो, आणि तेव्हा लक्षात येतं की हा बेसूर नाही. हा तिसराच कुणीतरी आहे. कोमलची व्याकुळता त्याच्यात नाही, शुद्धचा मोकळेपणाही नाही.

आकड्यांत सांगायचं तर काळी दोनची कंपनं सेकंदाला सुमारे ३११, पांढरी तीनची सुमारे ३३०, आणि आपण शोधत होतो तो सूर ३२०च्या आसपासचा. पेटीत त्याला पट्टी नाही. पियानोत नाही, गिटारीच्या पडद्यांवर नाही. इराणी संगीतात मात्र तो रोजच्या वापरातला आहे. त्याच्यावाचून तिथलं निम्म्याहून अधिक गाणं उभंच राहणार नाही.

रेझा वाली या इराणी-अमेरिकी रचनाकाराची सगळी कारकीर्द मला या एका सुराभोवती फिरताना दिसते. वाली १९५२ साली कझवीनला जन्मले, तेहरानच्या संगीत विद्यालयात शिकले, १९७२ मध्ये व्हिएन्नाला गेले, तिथून अमेरिकेत. १९८५ साली पिट्सबर्ग विद्यापीठातून त्यांनी पीएचडी मिळवली आणि १९८८ पासून त्याच शहरातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते शिकवू लागले. परिचयपत्र एवढंच. पण ज्या माणसाने पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण त्याच्या माहेरघरी जाऊन घेतलं, त्यानेच पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या संगीताचा पाया, म्हणजे बारा सुरांची पट्टी, बाजूला ठेवून लिहायला सुरुवात केली. हे का आणि कसं घडलं, ते समजून घ्यायला आपल्याकडच्या कानसेनांना फारशी अडचण पडू नये. श्रुतींवरून भांडण्याची आपल्याला शंभर वर्षांची सवय आहे.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. आपण ‘संगीतकार’ म्हणतो तेव्हा चाल बांधणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तो गायकाला समोर बसवतो, जागा गाऊन दाखवतो, नको ते खोडून काढतो. पाश्चात्त्य अभिजात परंपरेतला रचनाकार हे काम कागदावर करतो. ऐंशी वादकांपैकी प्रत्येकाने कोणत्या क्षणी कोणता सूर, किती जोरात, किती वेळ वाजवायचा हे तो लिहून ठेवतो, आणि तो कागद त्याने कधी न पाहिलेल्या शहरातल्या, कधी न भेटलेल्या लोकांच्या हाती जातो. समोर बसून ‘असं नाही, असं’ म्हणायची सोय बहुतेकदा नसते. म्हणजे जे कागदावर उतरत नाही, ते संगीतात येत नाही.

आता इराणी कानाच्या रचनाकाराची अडचण बघा. जो सूर त्याला हवा आहे, त्याला पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत चिन्ह नाही. चिन्ह तयार केलं तरी बासरी-क्लॅरिनेटच्या चाव्या त्या सुरासाठी घडवलेल्या नाहीत. आणि वाद्यातून तो निघण्यासारखा असला, तरी वाजवणाऱ्याच्या कानाला तो चुकीचाच वाटतो, कारण लहानपणापासून त्याला मधल्या सुरापासून दूर राहायलाच शिकवलेलं असतं.

यातली पहिली अडचण वाली यांच्या जन्माआधीच एकाने सोडवून ठेवली होती. अली-नकी वझीरी हे लष्करात अधिकारी होते आणि तार या वाद्याचे मोठे वादक. पहिल्या महायुद्धानंतर ते पॅरिस आणि बर्लिनला संगीत शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी तेहरानमध्ये संगीताची शाळा काढली. त्यांनी दोन नवी चिन्हं तयार केली. सूर साधारण पाव स्वराने उतरवायचा तर ‘कोरोन’, तेवढाच चढवायचा तर ‘सोरी’. मघाशी आपण गळ्याने शोधला तो सूर म्हणजे गंधारावरचा कोरोन. ही चिन्हं आजही जगभर वापरात आहेत.

वझीरी एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सप्तकाचे चोवीस सारखे तुकडे करावेत असं मांडलं, म्हणजे पियानोच्या प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मधोमध आणखी एक पट्टी. हिशेबाला हे सोपं आहे, पण गाणाऱ्याचा गळा असा मोजपट्टी घेऊन चालत नाही. पुढे होर्मोझ फर्हात या इराणी संगीततज्ज्ञांनी दाखवून दिलं की इराणी वादक ते मधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवत नाहीत. पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं, असं मोजमाप धरलं तर इराणी मधलं अंतर कधी १३५च्या आसपास येतं, कधी १६०च्या. कोण वाजवतो आहे, कोणत्या चालीत आहे, वर चालला आहे की खाली उतरतो आहे, यावर ते ठरतं. दरबारीचा गंधार आणि मिया मल्हाराचा गंधार एकच कोमल गंधार आहे असं कागदावर लिहिता येतं. दोन्ही राग ऐकणारा ते मान्य करील का? फर्हात यांचं म्हणणं जवळपास हेच होतं.

आता इराणी संगीताची चौकट थोडी बघू, कारण वाली पुढे तिच्यातच परत जातात. सुदैवाने तिचे बरेच शब्द आपल्या घरातले आहेत. मुख्य शब्द ‘दस्तगाह’. दस्त म्हणजे हात, जो आपल्या दस्तऐवजात सापडतो. गाह म्हणजे जागा, जी दर्ग्यात आणि बंदरगाहात सापडते. वाद्यावरची हाताची जागा, असा साधारण अर्थ. सेतार या इराणी तंतुवाद्यावर बांधलेल्या तंतूंना ते ‘पर्दे’ म्हणतात, आपण सतारीचे पडदे म्हणतो. फरक एवढा की सतारीचे पडदे धातूचे, तर सेतारीचे आतड्याच्या दोऱ्यांचे असतात. तेही हाताने सरकवता येतात, म्हणून तो मधला सूर तिच्यावर सहज बसतो. दस्तगाह मुख्य सात आहेत: शूर, माहूर, होमायून, सेगाह, चहारगाह, नवा आणि रास्त-पंजगाह. सेगाह म्हणजे तिसरी जागा, चहारगाह म्हणजे चौथी.

दस्तगाह म्हणजे राग का? अगदी राग नाही. रागात आपल्याला आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि पकड मिळते, आणि पुढचा विस्तार गायकाच्या कल्पनेवर सोपवलेला असतो. दस्तगाह हा छोट्या छोट्या स्वरवाक्यांचा ठरलेला क्रम असतो. त्या प्रत्येक वाक्याला ‘गोशे’ म्हणतात, म्हणजे कोपरा. आपल्याकडचा ‘गोषा’ हाच शब्द आहे. कोपऱ्यात, आडोशाला राहणं. आणि सगळ्या गोश्यांच्या क्रमवार संग्रहाला म्हणतात ‘रदीफ’. मराठी गझल वाचणाऱ्याला रदीफ हा शब्द नवा नाही. गझलेत तो ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द असतो. संगीतात त्याचा अर्थ रांग, ओळ. अडीचशेच्या वर गोशे शिष्याने गुरूकडून वर्षानुवर्षे पाठ करायचे, आणि ते अंगात मुरले की त्यांच्या आधाराने उत्स्फूर्त वाजवायला लागायचं. २००९ मध्ये युनेस्कोने या रदीफची जगाच्या अमूर्त वारशात नोंद केली.

वादनाची सुरुवात होते ‘दरामद’ने. कथकातला ‘आमद’ आठवा. आत येणं, प्रवेश करणं. मग एकेका गोश्यातून सूर वर वर चढत जातो, शिखराला पोचतो आणि ‘फोरूद’ने खाली उतरून घरी येतो. बडा ख्याल ऐकणाऱ्याला हा चढउतार ओळखीचाच वाटेल. वेगळा असतो तो मधला सूर.

तेहरानच्या विद्यालयात शिकून वाली १९७२ साली व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत रचना आणि संगीतशिक्षण शिकायला गेले. मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट जिथे राहिले, ते हे शहर. शोनबर्गने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरांची जुनी उतरंड मोडली तीही इथेच. हे सगळं अंगावर घेऊन एखादा तरुण इराणी पुरता युरोपीय होऊन गेला असता तर त्यात नवल नव्हतं. वाली यांना मात्र वाट दाखवणारा सापडला तो शेजारच्या हंगेरीचा बेला बार्तोक. बार्तोकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घातली, शेतकऱ्यांची हजारो गाणी मेणाच्या नळ्यांवर उतरवली आणि त्या गाण्यांच्या व्याकरणावर स्वतःचं आधुनिक संगीत उभारलं. लोकगीत घेऊन त्यावर पाश्चात्त्य साज चढवणं वेगळं, आणि लोकगीत कसं विचार करतं ते शिकून त्याच्यासारखा विचार करणं वेगळं. बार्तोकने दुसरं केलं.

वाली यांनीही इराणी लोकगीतं गोळा केली, आणि त्यांतून ‘लोकगीतं, संच अमुक’ अशा साध्या क्रमांकांच्या रचनांची लांबलचक मालिका तयार झाली. काही आवाज आणि पियानोसाठी, काही छोट्या वाद्यमेळासाठी, काही मोठ्या वाद्यवृंदासाठी. यातल्या काही चाली लोकांकडून आलेल्या आहेत आणि काही वाली यांनी स्वतः लोकगीताच्या वळणाने रचलेल्या. न सांगता ओळखा म्हटलं तर मला तरी ओळखता येत नाहीत. ओवी शेकडो वर्षं बायकांच्या तोंडी फिरत राहिली आणि आज कोणती ओवी कुणाची हे सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या टप्प्यावर वाली अजून बारा सुरांच्या घरातच आहेत. गाणं इराणी, पण बसतं पियानोच्या पट्ट्यांवर. काही ठिकाणी ते सुरेख बसतं. काही ठिकाणी, विशेषतः शूरच्या अंगाची चाल असते तेव्हा, जिथे कोरोन हवा तिथे कोमल किंवा शुद्ध सूर घ्यावा लागतो, आणि पुण्याच्या गल्लीत वाढलेल्या माणसाने उगाच मुंबईची बोली बोलावी तसं काहीसं होतं. अर्थ कळतो, पण जिभेचं वळण हरवतं.

१९९२ साली वाली यांनी बासरी आणि वाद्यवृंदासाठी कंचेर्टो लिहिला. कंचेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्यासमोर सगळा वाद्यवृंद, अशी रचना. बासरी पाश्चात्त्यच, चांदीची, चाव्यांची. तिचा आवाज काचेसारखा स्वच्छ. इराणची ‘नेय’ अगदी वेगळी. ती आहे बोरूची, सहा भोकांची, आणि आडवी नव्हे तर टोकाकडून फुंकायची. इस्फहानच्या घराण्यात तर ती वरच्या दातांमध्ये धरतात आणि जिभेने हवेला वळण देतात. तिच्या सुरात श्वास ऐकू येतो. खालच्या सप्तकात तो घोगरा, धुरकट, जवळजवळ माणसाच्या कुजबुजीसारखा असतो. रूमीची मस्नवी सुरू होते ती बोरूच्या वनातून तोडून आणलेल्या याच नेयच्या विलापाने.

हा धुरकट आवाज चांदीच्या बासरीतून कसा काढायचा? वाली यांनी वादकाला वाजवता वाजवता गायला सांगितलं. ओठांतून फुंकर चाललेली असतानाच गळ्यातून गुणगुणायचं. गळ्याचा सूर आणि बासरीचा सूर नळीत एकमेकांवर आदळतात, मधे एक खरखर तयार होते, आणि त्या स्वच्छ आवाजावर राख पसरल्यासारखी होते. ऐकताना कधी वाटतं दोन माणसं वाजवत आहेत, कधी वाटतं एक माणूस वाजवता वाजवता रडतो आहे. ही नेयची नक्कल नाही. परक्या वाद्याला स्वतःची भाषा शिकवताना ते अडखळतं, त्या अडखळण्याचंच इथे संगीत केलं आहे. मला हा कंचेर्टो वाली यांच्या कारकिर्दीतला उंबरठा वाटतो. जुन्या घरात राहून जे करता येण्यासारखं होतं, ते इथे करून झालं.

हा कंचेर्टो अल्बेर्तो अल्मार्सा या बासरीवादकाने ध्वनिमुद्रित केला. अल्मार्सा मूळचे चिलीचे आणि कार्नेगी मेलनमध्येच बासरी शिकवणारे, म्हणजे वाली यांचे सहकारी. हा तपशील मुद्दाम सांगितला, कारण समकालीन रचनाकाराचं पोट कसं चालतं आणि त्याचं संगीत वाजतं कसं, हे त्यातून कळतं.

नव्या अभिजात रचनेची तिकिटं धो धो खपत नाहीत. रचनाकाराला जगवतात ती मुख्यतः विद्यापीठातली नोकरी आणि ‘कमिशन’. एखादा वाद्यवृंद किंवा चौकडी (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो वाजवणाऱ्या चौघांचा संच) त्याला ठरावीक रक्कम देऊन सांगते, आमच्यासाठी अमुक मिनिटांची रचना लिही. पहिल्या प्रयोगाचा मान त्यांचा. वाली यांना अशी कमिशनं पिट्सबर्ग सिम्फनीकडून मिळाली, क्रोनोस क्वार्टेटसारख्या नावाजलेल्या चौकडीकडून मिळाली. बोस्टनमध्ये गिल रोझ यांनी १९९६ साली फक्त नवीन संगीत वाजवण्यासाठी उभा केलेला एक वाद्यवृंद आहे, बोस्टन मॉडर्न ऑर्केस्ट्रा प्रोजेक्ट. त्याने वाली यांच्या मोठ्या रचना वाजवल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. आणि कार्नेगी मेलनमध्ये दोन दशकं निवासी चौकडी म्हणून राहिलेली मेक्सिकोची क्वार्तेतो लातिनोआमेरिकानो तर शेजारच्या दालनातच होती. परक्या सुरांचा कागद पोस्टाने पाठवून भागत नाही. तो समोर बसून वाजवून घ्यावा लागतो, चुकला तर गाऊन दाखवावा लागतो. म्हणजे कागदावर विसंबणाऱ्या परंपरेतल्या या रचनाकाराला शेवटी गुरू-शिष्याच्या बैठकीसारखंच काहीतरी लागलं, आणि ते पिट्सबर्गमध्ये मिळालं.

२०००च्या सुमाराला त्यांनी ‘कॅलिग्राफी’ ही मालिका सुरू केली. कॅलिग्राफी म्हणजे सुलेखन, फारसीत ‘खोशनवीसी’. नवीस म्हणजे लिहिणारा. आपले फडणीस आणि चिटणीस याच नवीसाचे वंशज. कझवीन हे इराणी सुलेखनाचं मोठं केंद्र. नस्तालीक लिपीचा श्रेष्ठ लेखक मीर इमाद याच शहरातला, सोळाव्या शतकातला. नस्तालीकमध्ये अक्षर सुटं उभं राहत नाही. लेखणी वरून तिरकी उतरते, ओळीच्या पोटात लांब वळण घेते, कुठे दाट होते, कुठे केसाएवढी बारीक. इराणी गाण्यातली स्वररेषाही अशीच चालते. ‘तहरीर’ नावाची गळ्याची एक खास हरकत त्यात असते. बुलबुलासारखा झरझर तुटत जाणारा आवाज, आपल्या खटक्यांच्या जवळचा पण वेगळा. तहरीर या शब्दाचाही अर्थ लिहिणं असाच आहे.

या मालिकेत वाली यांनी ठरवून बरंच काही सोडलं. पियानोची समान बारा सुरांची पट्टी सोडली. पाश्चात्त्य हार्मनी सोडली, म्हणजे तीनचार सूर एकदम वाजवून त्यांचे गट एकमेकांकडे ओढ घेतात ती व्यवस्था. सूर, लय, आकृतिबंध हे सगळं दस्तगाहच्या परंपरेतून घ्यायचं ठरवलं. एकच गोष्ट पाश्चात्त्य ठेवली: वाद्यं आणि ती वाजवणारी माणसं. यातल्या कित्येक रचना चौकडीसाठी आहेत, आणि त्याचं कारण सरळ आहे. व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांना पडदे नसतात. बोट केसभर सरकवलं की सूर बदलतो. कर्नाटक संगीताने व्हायोलिन याच गुणासाठी आपलंसं केलं. इराणनेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलं, इतकं की काही काळ त्यांचं स्वतःचं कमांचे हे वाद्य मागे पडलं. म्हणजे अडचण वाद्याची नव्हती. अडचण होती ती बोटांना लागलेल्या सवयीची.

मग अनेक सूर एकत्र कसे आणायचे? चार वादक आहेत, हार्मनी नको आहे, आणि चौघांनी एकच चाल वाजवून तर काही व्हायचं नाही. हा प्रश्न मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत अवघड वाटतो, आणि सर्वांत सुंदरही. एकल गाण्याच्या परंपरेत बाकीच्यांनी काय करायचं? याचं बीज इराणी मैफलीतच आहे. गायक एक ओळ गातो, वादक तीच ओळ थोडी मागून, स्वतःच्या वळणाने वाजवतो. आपण हे रोज ऐकतो. ख्याल गाताना सारंगी किंवा पेटी गायकाच्या मागोमाग येते. कधी अर्धा क्षण उशिरा, कधी त्याच्याच जागेची सावली धरून. आपण तिला साथ म्हणतो आणि विसरून जातो. पण त्या अर्ध्या क्षणात खरं तर दोन स्वररेषा एकाच वेळी चालू असतात, एकमेकींना घासत, आणि ती घासणूक कानाला गोड लागते. ही साथ चौघांत वाटून दिली, प्रत्येकाला तीच ओळ वेगळ्या वेळी, वेगळ्या वेगाने, वेगळ्या उंचीवर दिली, आणि खाली एक सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवला, तर काय होईल? हार्मनीचा एकही नियम न वापरता भरगच्च संगीत उभं राहील. या रचना ऐकताना मला नेमकं हेच ऐकू येतं.

चौकडीसाठी लिहिलेल्या त्यांच्या एका रचनेचं नाव आहे ‘ओर्मवी’. साफियुद्दीन ओर्मवी हा तेराव्या शतकातला संगीतशास्त्री, बगदादच्या दरबारातला. १२५८ साली हुलागूच्या मंगोल फौजांनी बगदाद लुटलं तेव्हा आपल्या वादनाने हुलागूला प्रसन्न करून तो वाचला, अशी कथा आहे. त्याने सप्तकाचे सतरा भाग सांगितले होते. आपल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त बावीस श्रुती मांडल्या त्याही तेराव्या शतकातच, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने. एकाच शतकात दोन माणसं, एक बगदादला, एक आपल्या देवगिरीला, सप्तकात सूर किती याचा हिशेब मांडत बसली होती. युरोपने बारा समान सुरांवर शिक्कामोर्तब केलं ते पुष्कळ नंतर.

त्या बारा सुरांनी आपल्यालाही त्रास दिलाच. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, त्याच्याहून पेटीचा गंधार १४ सेंटने चढा असतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. आपण वाद्य दुरुस्त करायला गेलो. इराणमध्ये मोर्तझा महजूबी यांनी पियानोच इराणी सुरांत लावून घेतला, आणि त्यांचं वादन आजही ऐकणाऱ्याला चकित करतं. पियानोतून चक्क संतूरचा भास होतो. वाली यांनी वाद्याला हात लावला नाही. त्यांनी वादकाचा कान बदलला.

अर्थात सगळ्या इराणी रचनाकारांना ही वाट पटलेली नाही आणि पटायलाच हवी असंही नाही. बेहझाद रंजबरान हे वाली यांच्याहून तीन वर्षांनी लहान, तेहरानचे, आता न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकवणारे. त्यांनी पूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंद जसाच्या तसा ठेवला आणि त्यातून फिरदौसीचं महाकाव्य ‘शाहनामा’ सांगितलं: झालला वाढवणारा सीमुर्ग पक्षी, रुस्तमच्या सात कसोट्या, निरपराध सियावशचं रक्त. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ही तिन्ही स्वरचित्रं ध्वनिमुद्रित केली. दादरच्या पारशी कॉलनीत रुस्तम आणि सोहराब ही नावं ज्यांनी दारावरच्या पाट्यांवर वाचली आहेत, त्यांना या गोष्टी परक्या नाहीत. रंजबरान यांचं संगीत भव्य आहे, रंगीत आहे, पहिल्या ऐकण्यात पकड घेतं, आणि जगातला कोणताही चांगला वाद्यवृंद ते थोड्या सरावात वाजवू शकतो. वाली यांच्या सुलेखनाला ही सोय नाही. ऐंशी जणांना कोरोन शिकवायचा म्हणजे वर्ष जाईल. म्हणून ते संगीत मुख्यतः छोट्या खोलीतलं राहिलं. या दोन वाटांत मला वाली यांची अधिक ओढ वाटते, पण फिरदौसीची गोष्ट तेवढ्या मोठ्या आवाजात ऐकण्याचा आनंदही मी सोडणार नाही.

या दोन वाटांच्या मधे कुठेतरी वाली यांची २००३ सालची एक रचना येते: इराणी नेय आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा कंचेर्टो, ‘त्या अनंत मैदानाकडे’. नाव सोहराब सेपेहरी यांच्या शब्दांतून घेतलेलं. सेपेहरी काशानचे, चित्रकार आणि कवी, भारतातही येऊन गेलेले. यात खोस्रो सुलतानी खरी नेय वाजवतात, दातांत धरलेली, आणि समोर बोस्टनचा वाद्यवृंद आहे. म्हणजे १९९२ साली जो आवाज चांदीच्या नळीतून उसना काढावा लागला होता, तो अकरा वर्षांनी स्वतःच मंचावर येऊन बसतो.

ऐकायचं असेल तर माझा क्रम सांगतो. आधी ‘लोकगीतं, संच १०’ ऐका, कारण चाली लगेच मनात राहतात. मग बासरीचा कंचेर्टो. मग नेयचा. हे तिन्ही ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळतात. आणि मग कॅलिग्राफीतली एखादी चौकडी, पण त्याआधी पाच मिनिटं तंबोरा लावून बसा, फोनमधला असला तरी चालेल, म्हणजे पियानोचा गंधार कानातून निघून जाईल. पहिली दोन मिनिटं व्हायोलिनं उतरली आहेत असं वाटेल, आणि वाद्य जुळवून घ्या म्हणावंसं वाटेल. थोडं थांबा. सूर पुन्हा पुन्हा त्याच मधल्या जागेवर येऊन बसतो, दर वेळी नेमका तिथेच, आणि चौथ्या-पाचव्या वेळी तो परत येण्याआधीच आपला कान त्या जागी जाऊन थांबलेला असतो.